बस, आगगाडी की विमान? : आफ्रिकेतील प्रवासाचा हिशेब

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. त्या नकाशात आफ्रिका खंड आणि उत्तरेकडचे ग्रीनलंड ही दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट मोठी आहे. आपल्या भारतासारखे नऊ देश तिच्या पोटात सहज मावतील. कैरोहून केप टाउनला अगदी पक्ष्यासारखे सरळ उडत गेले तरी सात हजार किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. त्या मानाने मुंबईहून नैरोबी जवळ. साडेचार हजारांच्या आसपास. आणि या अफाट भूमीवर राष्ट्रे किती? तर चोपन्न. त्यांपैकी सोळांना समुद्रकिनाराच नाही.

हा भूगोलाचा धडा दिवाळीच्या फराळाबरोबर कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण असे की, आफ्रिका आता आपल्याला पूर्वीइतकी परकी राहिलेली नाही. कोणाचा मुलगा नैरोबीला औषधाच्या कंपनीत असतो, कोणाचे जावई दार-एस-सलामला हिशेबनीस असतात, कोणी नुकतेच निवृत्त झालेले जोडपे सिंह पाहण्याची जुनी हौस भागवायला निघते. मुंबईहून नैरोबीला आणि इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा हिला थेट विमाने जातात. तिथवर पोहोचण्याची काळजी नसते. काळजी सुरू होते ती पुढे. नैरोबीहून मोंबासाला कसे जावे? कंपाला किती दूर? लागोसहून अक्रा गाठायचे तर बस बरी की विमान?

अशा वेळी आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो म्हणजे, “भाडे किती?” पुण्याहून कोल्हापूरला किंवा नागपूरला जाताना तो प्रश्न रास्त असतो, कारण बाकीच्या सगळ्या गोष्टी आपल्याला ठाऊक असतात. स्थानक कुठे आहे, गाडी किती उशिरा येते, वाटेत चहा कुठे मिळतो, हे सांगायला कोणी लागत नाही. आफ्रिकेत मात्र भाड्याचा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधी तीन प्रश्न विचारावे. वाटेत रात्र पडते का? वाटेत सरहद्द लागते का? आणि स्थानक गावात आहे की गावाबाहेर? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बस, आगगाडी आणि विमान यांच्यातली निवड बहुतेक वेळा आपोआप होऊन जाते.

रूळ कोणी टाकले, कशासाठी टाकले

आपण भारतीय माणसे आगगाडीवर फार विश्वास टाकतो. शहर म्हटले की स्टेशन असणार, आणि एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात जाता येणार, हे आपण गृहीत धरूनच चालतो. आफ्रिकेत हा समज बाजूला ठेवावा लागतो.

तसा आगगाडीचा मान आफ्रिकेला बऱ्याच आधी मिळाला. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, आणि १८५६ साली अलेक्झांड्रिया ते कैरो हा लोहमार्ग पुरा झाला. पण पुढे युरोपीय सत्तांनी जे रूळ टाकले, त्यांचा हेतू दोन शहरांतली माणसे जोडावी असा नव्हता. खाणीतले तांबे, मळ्यातला कापूस, शेंगदाणा, कोको बंदरावर न्यायचा आणि जहाजात भरायचा, एवढ्यासाठी ते रूळ होते. त्यामुळे नकाशावर पाहिले तर ते समुद्राकडून आत गेलेल्या सुट्या सुट्या रेघांसारखे दिसतात. शेजारच्या देशाची रेघ दुसऱ्या मालकाची, म्हणून तिच्या रुळांचे मापही पुष्कळदा वेगळे. दार-एस-सलाम या एका शहरात आज तीन वेगवेगळ्या मापांचे लोहमार्ग येऊन मिळतात. जुना मीटरमापी मार्ग, झांबियाकडे जाणारा ‘ताझारा’चा १०६७ मिलिमीटरांचा मार्ग, आणि अलीकडचा १४३५ मिलिमीटरांचा. एकावरची गाडी दुसऱ्यावर जात नाही. कैरोपासून केप टाउनपर्यंत अखंड रूळ टाकण्याचे सेसिल ऱ्होड्सचे स्वप्न होते; ते पुरे झाले नाही.

रेघा अशा तुटक असल्या की उताऱ्याचे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. १८९३ साली बॅरिस्टर गांधी दरबानहून प्रिटोरियाला निघाले. पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनात त्यांना गाडीतून उतरवले, ही हकीकत सर्वांना पाठ आहे. पण त्याच प्रवासातला पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. त्या वेळी चार्ल्सटाउन ते जोहान्सबर्ग या टप्प्यात रेल्वे नव्हती. गांधींना तेथे घोड्यांच्या टपालगाडीत बसावे लागले, आणि त्या गाडीच्या गोऱ्या म्होरक्याने त्यांना मारहाण केली, ती तेथेच. जोहान्सबर्गहून पुढे प्रिटोरियापर्यंत पुन्हा आगगाडी. म्हणजे एकाच प्रवासात दोन वाहने आणि तीन टप्पे.

पूर्व आफ्रिकेतल्या रुळांशी तर आपल्या देशाचे रक्ताचे नाते आहे. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची ‘युगांडा रेल्वे’ १८९६ साली सुरू झाली आणि १९०१ साली सरोवराच्या काठी पोहोचली. ती बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तेथेच मेले. म्हणजे दर मैलामागे चार माणसे. १८९८ साली त्सावो नदीवरच्या पुलाचे काम दोन नरभक्षक सिंहांनी थांबवले होते, ती गोष्ट याच मार्गावरची. पुढे याच रेल्वेच्या कचेऱ्यांतून गोव्याकडचे कितीतरी कारकून बसले आणि नैरोबीत त्यांची घरे झाली. स्वाहिली भाषेत आगगाडीला आजही ‘गारी ला मोशी’ म्हणतात. मोशी म्हणजे धूर, आणि ‘गारी’ हा शब्द म्हणजे आपली गाडीच. आपल्या आगगाडीची ती सख्खी बहीण म्हणावी, ही आगीवर चालणारी आणि ती धुराची!

नैरोबी ते मोंबासा : एका घराचा हिशेब

आता या मार्गावरच तिन्ही वाहने शेजारी शेजारी ठेवून पाहू. आईबाप आणि दोन मुले असे चौघांचे कुटुंब नैरोबीहून मोंबासाच्या समुद्रावर निघाले आहे असे समजा. अंतर पावणेपाचशे ते पाचशे किलोमीटर.

विमान हवेत असते तासभरसुद्धा नाही. पण घरातून निघून विमानतळ गाठणे, दोन तास आधी हजर होणे, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे, आणि तेथून हॉटेलात जाणे, हे सारे धरले की चार-साडेचार तास होतात. नैरोबीत आणखी एक गोम आहे. तेथे विमानतळ दोन. मोठा जोमो केन्याटा, आणि लहान विमानांचा विल्सन. तिकिटावर कोणते नाव आहे हे आदल्या दिवशीच वाचावे. विल्सनवरून उडणाऱ्या लहान विमानांत सामानाची मर्यादा पुष्कळदा १५ किलोची असते, आणि कडक पेटीपेक्षा मऊ पिशवी बरी मानतात.

आगगाडी म्हणजे ३१ मे २०१७ रोजी उद्घाटन झालेली ‘मदारका एक्स्प्रेस’. जुन्या मीटरमापी रुळांवरची गाडी रात्रभर रखडत जाई. ही नवी गाडी पाच-सहा तासांत पोहोचते. खिडकीतून त्सावोचे अभयारण्य दिसते आणि नशीब असेल तर तांबड्या मातीने माखलेले हत्तीही दिसतात. मुलांना याहून मोठी मौज ती कोणती? मात्र नैरोबीचे नवे स्टेशन स्योकिमाऊला, शहराबाहेर आहे, आणि मोंबासाचे मिरितिनीला, तेही शहराबाहेर. शिवाय गाडीत चढण्याआधी सामानाची कसून तपासणी होते. पेट्या ओळीने मांडून ठेवतात आणि कुत्री हुंगून पाहतात. तासभर आधी पोहोचलेच पाहिजे. एकूण आठ तास धरावे. तिकीट आधी काढावे लागते आणि त्यावरचे नाव पासपोर्टावरच्या नावाशी जुळले पाहिजे.

बसला आठ ते दहा तास लागतात. ती नैरोबीच्या ऐन वस्तीतून निघते आणि मोंबासाच्या वस्तीत नेऊन सोडते. पण रस्ता कोणता? मोंबासा हे साऱ्या पूर्व आफ्रिकेचे बंदर. युगांडा, रवांडा, काँगोकडे जाणारा माल त्याच रस्त्याने जातो, आणि त्याचा बराचसा भाग दुपदरी आहे. म्हणजे समोरून ट्रकांची माळ, आणि त्या माळेला ओलांडून जाण्याची आपल्या ड्रायव्हरची घाई.

हा हिशेब मांडल्यावर दिसते की, सहकुटुंब दिवसा जायचे तर या मार्गावर आगगाडीसारखे वाहन नाही. विमानापेक्षा तिला साडेतीन-चार तास अधिक लागतात खरे, पण ते तास वाया जात नाहीत. एकट्या माणसाला दुपारची बैठक गाठायची असेल तर विमानच बरे. बस राहते ती ज्याला आगगाडीचे तिकीट मिळाले नाही, किंवा वाटेतल्या एखाद्या लहान गावी उतरायचे आहे, त्याच्यासाठी.

स्थानकाचा प्रश्न

पण मोंबासाचा हा नियम दार-एस-सलामला लावू नका. टांझानियात २०२४ च्या उन्हाळ्यात दार-एस-सलाम ते मोरोगोरो आणि पाठोपाठ राजधानी दोदोमापर्यंत विजेवरची नवी आगगाडी सुरू झाली. ताशी १६० किलोमीटर वेगाची ही गाडी दोदोमाचा सुमारे साडेचारशे किलोमीटरांचा पल्ला साडेतीन-चार तासांत गाठते. बसला याच वाटेवर आठ-नऊ तास लागत. येथे स्थानकांची गंमत अशी की, आगगाडीचे स्थानक दार-एस-सलामच्या मध्यवस्तीत आहे, आणि बसचे मोठे स्थानक २०२१ पासून गावाबाहेर म्बेझीला गेले आहे. नैरोबीच्या अगदी उलट! त्यामुळे येथे बसच्या बाजूने बोलायला फारसे काही उरतच नाही.

उत्तरेकडच्या देशांतही आगगाडीच सरस ठरते. मोरोक्कोत २०१८ च्या नोव्हेंबरात ‘अल बुराक’ ही अतिवेगवान गाडी सुरू झाली. टँजियर ते कासाब्लांका हे ३२३ किलोमीटरांचे अंतर ती २ तास १० मिनिटांत कापते. पूर्वी पावणेपाच तास लागत. विमानाने जाऊन विमानतळावरच इतका वेळ जाईल. इजिप्तमध्ये कैरोचे रामसेस स्टेशन भर शहरात आहे, आणि अलेक्झांड्रियाला जायला अडीच-तीन तास पुरतात.

उलट दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग ते केप टाउन घ्या. १,४०० किलोमीटरांचे अंतर. विमान दोन तासांत नेते, बस अठरा-वीस तास घेते, आणि साधी आगगाडी एक दिवसाहूनही अधिक. ही आगगाडीची सेवा गेल्या काही वर्षांत मधूनमधून बंदच पडत आलेली आहे. ‘ब्लू ट्रेन’सारखी राजेशाही गाडी आहे, पण तिच्यात बसणारा माणूस केप टाउनला पोहोचण्यासाठी बसत नाही, गाडीतल्या पाहुणचारासाठी बसतो. आपल्यासारख्याने येथे सरळ विमानाचे तिकीट काढावे. आणि ते लवकर काढले तर बसच्या तिकिटाहून फार महाग पडत नाही.

झांबियाकडे जाणाऱ्या ‘ताझारा’ची गोष्ट निराळी. १,८६० किलोमीटरांचा हा मार्ग चीनच्या मदतीने १९७० ते १९७५ या काळात बांधला. झांबियाला समुद्र नाही, आणि दक्षिणेकडची वाट तेव्हाच्या गोऱ्या ऱ्होडेशियातून जात होती. ती वाट टाळण्यासाठी हा एवढा खटाटोप. या मार्गावरचा प्रवास निसर्गासाठी नावाजलेला आहे आणि उशिरासाठीही. गाडी या आठवड्यात धावते आहे का, याची चौकशी करूनच बेत आखावा, आणि पुढच्या विमानाचे तिकीट त्याच्या भरवशावर कधीही काढू नये.

बसचे राज्य

असे असले तरी आफ्रिकेतला सामान्य माणूस एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो तो बसनेच. रुळांच्या रेघा जेथे संपतात तेथे आणि विमानाचे भाडे ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी दुसरे आहेच काय? या बसगाड्यांचे दोन प्रकार ध्यानात ठेवावे. एक वेळापत्रकाने सुटणारी मोठी बस. तिला कंपनीचे नाव असते, कचेरी असते, आसनाचा क्रमांक असतो. दुसरी लहान गाडी, भरली की सुटणारी. आपल्याकडे सातारा-सांगलीकडे जिला वडाप म्हणतात तीच ही. केनियात तिला मटाटू म्हणतात. स्वाहिलीत ‘टाटू’ म्हणजे तीन. भाड्याला एके काळी तीन नाणी लागत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. टांझानियात ती डालाडाला, घानात ट्रोट्रो, लागोसमध्ये डॅन्फो. शहरातल्या शहरात तिच्यात बसून पाहावे, मौज असते. परगावी मुलाबाळांसह जायचे असेल तर पहिल्या प्रकारची गाडीच घ्यावी.

चारपाच तासांच्या, दिवसाच्या, चांगल्या रस्त्याच्या प्रवासाला बस केव्हाही उत्तम. नैरोबी ते अरुशा हा असाच एक प्रवास. सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, नामांगाची सरहद्द, पाच-सहा तास, आणि ढग नसले तर वाटेत किलीमांजारोचे दर्शन. येथे विमानाने जाणारा माणूस पैसे अधिक देतो आणि वेळ फारसा वाचवत नाही.

रात्र

आता या लेखातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. आपल्या मध्यमवर्गीय घरांत रात्रीच्या बसला मोठा मान आहे. रात्री नऊला बसावे, सकाळी सातला उतरावे. दिवस वाया जात नाही, आणि हॉटेलचे एका रात्रीचे पैसे वाचतात. ही काटकसर आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की परदेशातही आपण ती बरोबर नेतो.

आफ्रिकेत ही काटकसर करू नये. जागतिक आरोग्य संघटना जगाचे जे विभाग पाडते, त्यांत लोकसंख्येच्या मानाने रस्त्यावरच्या अपघातांत सर्वांत अधिक माणसे दगावतात ती आफ्रिका विभागात. कारणे गूढ नाहीत. शहराबाहेर रस्त्याला दिवे नसतात. बिघडलेला ट्रक भर रस्त्यात, मागचा दिवा न लावता उभा असतो. कडेने माणसे आणि जनावरे चालत असतात. ड्रायव्हर पुष्कळदा एकटा असतो आणि त्याला झोप अनावर झालेली असते. आणि अपघात झालाच तर जवळचा दवाखाना शेकडो किलोमीटरांवर असू शकतो. तेथली सरकारे हे जाणून आहेत. टांझानियाने सुमारे तीस वर्षे रात्रीच्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांवर बंदी ठेवली होती. ती २०२३ साली उठवली. बंदी उठली म्हणजे अंधार उजळला असे मात्र नव्हे.

म्हणून घरातल्या कर्त्या माणसाने एक नियम पक्का करावा. बसने जायचे तर पहाटेच्या गाडीने निघावे आणि दिवे लागण्यापूर्वी मुक्काम गाठावा. मुक्काम तेवढ्यात गाठत नसेल तर वाटेत एखाद्या गावी रात्र काढावी, नाहीतर विमान घ्यावे. हॉटेलचे जे पैसे वाचले असते, ते येथे खर्च झाले म्हणून हळहळू नये. रात्रीच्या आगगाडीला हा नियम लागत नाही. कैरोहून लक्सर आणि असवानला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत झोपून जाणे ही सोयीची आणि रास्त गोष्ट आहे.

आगगाडीही डोळे मिटून घ्यावी असे नाही. नायजेरियात अबुजा ते कडुना हा १८६ किलोमीटरांचा लोहमार्ग २०१६ साली सुरू झाला. त्या रस्त्यावर माणसे पळवून नेण्याचे प्रकार होत, म्हणून लोक आगगाडीकडे वळले. पण २८ मार्च २०२२ रोजी हल्लेखोरांनी त्याच मार्गावर स्फोट करून गाडी अडवली, उतारू ठार केले आणि कित्येकांना पळवून नेले. गाडी पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. त्याच देशात लागोस ते इबादान ही १५७ किलोमीटरांची गाडी २०२१ पासून आहे, आणि लागोसच्या वाहतुकीच्या कोंडीतून सुटण्यासाठी लोक तिच्यात बसतात. देश एकच, वाहन तेच, पण उत्तर वेगळे. म्हणून निघण्यापूर्वी तेथे राहणाऱ्या माणसाला विचारावे, वर्तमानपत्र पाहावे, आणि तो नको म्हणाला तर ऐकावे.

सरहद्द

आपण दिल्लीपासून कन्याकुमारीपर्यंत जातो, कोणी आपल्याला अडवत नाही. त्यामुळे सरहद्द ही गोष्ट आपल्या हिशेबात येतच नाही. लागोसहून अक्रा सुमारे साडेचारशे किलोमीटर; मुंबई-नाशिक-धुळे करून थोडे पुढे जावे एवढेच. पण त्या साडेचारशे किलोमीटरांत नायजेरिया, बेनिन, टोगो आणि घाना असे चार देश येतात. तीन सरहद्दी, दोन राजभाषा आणि तीन चलने. पश्चिम आफ्रिकेच्या देशांनी १९७९ साली आपसांत मुक्त संचाराचा करार केला. पण तो त्यांच्या नागरिकांसाठी. भारतीय पासपोर्टवाल्याला बस ज्या ज्या देशातून जाते त्या प्रत्येकाच्या प्रवेशाची व्यवस्था आधी पाहावी लागते. विमान एका तासात या सगळ्यांच्या डोक्यावरून नेऊन सोडते, आणि एका घानाच्या व्हिसावर भागते. बसचे भाडे कमी दिसते, त्यात वाटेतल्या दोन व्हिसांचा खर्च आणि तीन ठिकाणच्या रांगा मिळवून पाहा, म्हणजे विमान महाग वाटणार नाही.

पूर्व आफ्रिकेत परिस्थिती बरीच सोपी आहे. नैरोबी ते कंपाला या वाटेवर मालाबा आणि बुसिया ही दोन नाकी आहेत, आणि तेथे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात. केनिया, युगांडा आणि रवांडा यांचा मिळून एक पर्यटक व्हिसा २०१४ पासून मिळतो. तो ९० दिवस चालतो आणि या तिन्ही देशांत फिरता येते. मात्र टांझानिया त्यात नाही, हे विसरू नये. नैरोबीहून अरुशाला जाऊन परत यायचे असेल तर केनियात पुन्हा शिरण्याची सोय आहे की नाही, हे निघण्याआधीच पाहावे. याच बुसियाच्या नाक्यावर माणसांना सायकलीवरून सरहद्दीपार नेणारे लोक ‘बॉर्डर, बॉर्डर’ असे ओरडत, आणि त्यावरून मोटारसायकलच्या टॅक्सीला ‘बोडाबोडा’ हे नाव पडले, असे म्हणतात.

सरहद्दीवर आणखी एक कागद लागतो, तो म्हणजे पीतज्वराच्या लसीचा पिवळा दाखला. लस टोचल्यापासून १० दिवसांनी तो लागू होतो, आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. नैरोबीहून जोहान्सबर्गला गेलात तरी तो विचारतात. आणि परत मुंबईला उतरताना आपलेच अधिकारी तो मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवण्याची तरतूद आहे. नऊ महिन्यांच्या आतले मूल आणि साठीपुढची माणसे यांच्याबाबत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

विमान आणि होडी

विमानाचे गुण सांगितले, आता अवगुणही सांगायला हवेत. आफ्रिकेतली विमाने अंतराच्या मानाने महाग असतात. करांचा बोजा मोठा आणि उतारू थोडे. कित्येक राजधान्यांमध्ये थेट विमानच नाही. शेजारच्या देशात जायला कधी पॅरिस, कधी दुबई, कधी इस्तंबूल असा वळसा घ्यावा लागतो. आफ्रिकी राष्ट्रांनी एकमेकांसाठी आकाश मोकळे करण्याचा ठराव १९९९ साली यामुसुक्रो येथे केला, २०१८ साली त्याला नवे रूप दिले, तरी काम सावकाश चालले आहे. त्यातल्या त्यात सोय आहे ती आदिस अबाबाची. १९४५ साली स्थापन झालेल्या इथिओपियन एअरलाइन्सची विमाने आफ्रिकेतल्या जितक्या शहरांना जातात, तितक्यांना दुसऱ्या कोणाचीही जात नाहीत. नैरोबीहून पश्चिम आफ्रिकेकडे जायचे तर वाट पुष्कळदा आदिसवरून जाते.

विमान कंपनी अनोळखी असेल तर युरोपीय संघाची यादी पाहावी. ज्या कंपन्यांना सुरक्षिततेच्या कारणावरून युरोपात येऊ देत नाहीत, त्यांची ही यादी २००६ पासून प्रसिद्ध होते. आणि मुंबईचे परतीचे विमान ज्या दिवशी आहे, त्याच दिवशी आतल्या शहरातून विमानतळ गाठण्याचा बेत कधी करू नये. आदल्या दिवशीच येऊन राहावे.

कधी कधी तिन्ही वाहने बाजूला ठेवून होडीत बसावे लागते. दार-एस-सलामहून झांझिबारला वेगवान बोट दोन तासांत नेते. आणि काँगो नदीच्या एका काठावर किन्शासा, दुसऱ्या काठावर ब्राझाव्हिल, अशा दोन राष्ट्रांच्या दोन राजधान्या एकमेकींच्या खिडक्या पाहत उभ्या आहेत. मध्ये पूल नाही. तेथे नकाशावरचे अंतर बोटाच्या पेराएवढे, आणि तरीही सरहद्द ती सरहद्दच. व्हिसा, शिक्के, रांग, सारे काही.

तेव्हा आफ्रिकेत घर करून असलेल्या आपल्या मुलाला किंवा लेकीला पत्र लिहाल, फोन कराल, तेव्हा तिकिटाच्या भावाआधी हे विचारा : उजेडात पोहोचू ना? वाटेत किती देश? स्टेशनापासून घर किती लांब? मग जे वाहन उरेल त्यात निश्चिंत बसा आणि भाडे द्या. स्वाहिलीत प्रवासाला ‘सफारी’ म्हणतात, आपल्या ‘सफर’ या शब्दाचे मूळ तेच तिचेही मूळ. निघणाऱ्याला तेथील लोक म्हणतात, “सफारी न्जेमा.” प्रवास सुखाचा होवो.